बाळाचे वजन झाले, पहिलटकरणीला कोण विचारणार?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण, महाराष्ट्र राज्य
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य

विषय : पहिल्या बाळंतपणानंतरच्या गृहभेटींत आईच्या मनःस्थितीची विचारपूस व्हावी आणि पहिलटकरणींच्या बैठका अंगणवाडीत सुरू व्हाव्यात, याबाबत.

महोदय,

सातारा जिल्ह्यातील दोन उपकेंद्रांत मिळून एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम करून मी २०२१ मध्ये निवृत्त झाले. सेवेत असते तर हेच म्हणणे मी ‘योग्य मार्गाने’ पाठवले असते आणि ते वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या टेबलावरून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला जाता जाता कुठल्यातरी फाइलमध्ये विसावले असते. आता माझ्यापुढे तो मार्ग उरलेला नाही, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे. यात कोणा कर्मचाऱ्याची तक्रार नाही. ज्या कामावर मी दहा वर्षे सह्या केल्या, त्यातच राहून गेलेली एक जागा आपल्या नजरेस आणून द्यायची आहे.

ते काम म्हणजे नवजात बालकाच्या गृहभेटी. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहायचे, त्याचे वजन व ताप घ्यायचा, नाळ आणि डोळे तपासायचे आणि फॉर्म भरायचा. २०११ पासून हा कार्यक्रम देशभर चालतो आणि त्याचे मूळ आपल्याच राज्यात, गडचिरोलीत आहे, याचा मला नोकरीत असताना अभिमान वाटे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर साऱ्या जगाने त्यांची दखल घेतली. महाराष्ट्रात आज जवळजवळ ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात आणि तरीही या सहा भेटींची गरज संपलेली नाही, कारण दवाखाना दोन-तीन दिवसांचा असतो आणि बाळंतपण त्यानंतर घरी सुरू होते.

मी जो फॉर्म वर्षानुवर्षे तपासला, त्यात आईसाठीही रकाने होते. चोवीस तासांत किती वेळा पोटभर जेवली, किती पॅड बदलावे लागले, ताप आहे का, अंगावरून जाण्याला दुर्गंधी आहे का, दूध पुरेसे येते का, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत का, हे सारे विचारले जाई आणि ते विचारलेच पाहिजे. मात्र तिच्या मनाशी संबंध जोडता येईल असा प्रश्न त्यात एकच होता : आई असंबद्ध बोलते का, किंवा तिला झटके येतात का? म्हणजे बाईचे भान सुटेपर्यंत तिच्या मनाची नोंद करायला कागदावर जागा नव्हती. जी नीट बोलत होती पण कोणाशीच बोलत नव्हती, जी बाळाला वेळच्या वेळी पाजत होती पण त्याच्याकडे पाहत नव्हती, तिच्यापुढे ‘नाही’ असे लिहिले जाई आणि मी खाली सही करीत असे.

अशा एका भेटीला मी आशाताईबरोबर गेले होते, तो दिवस मला आठवतो. चौदावा दिवस, दुपारची वेळ. माजघरातली खिडकी पोत्याने झाकलेली, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकून दिलेली धुरी. आशाताईने झोळीत बाळ घालून काटा उचलून धरला, वजन दोन किलो नऊशे भरले आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच देत होत्या. जेवते का? जेवते की. दूध? भरपूर. झोप? आता बाळंतिणीची झोप ती काय! बाजेवर बसलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी साडीच्या काठाची गुंडाळी करीत होती, ती सोडत होती आणि पुन्हा करीत होती. आम्ही उठून उंबऱ्यापर्यंत आलो तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, “ताई, आतून भीती वाटती, ती कशानं जाईल?” सासूबाई म्हणाल्या, “पहिलटकरीण हाय, व्हतंय असं.” आम्ही दोघीही हसलो, “होईल सवय” म्हणालो आणि पुढच्या घरी गेलो. फॉर्म पूर्ण होता. त्या मुलीचे पुढे वाईट काही झाले नाही, हे सांगितले पाहिजे. ती सावरली, पण आमच्यामुळे सावरली असे मला म्हणता येत नाही.

पहिलटकरीण हा आपल्या भाषेतला शब्द मला फार नेमका वाटतो. दुसरेपणच्या बाळंतिणीला जे ठाऊक असते, नेमके तेच हिला ठाऊक नसते. रात्री दोनला सुरू झालेले रडणे कधीतरी थांबते, तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते आणि मग सैलावते, टाके दुखायचे थांबतात, स्वतःचे अंग पुन्हा स्वतःचे वाटू लागते, हे दुसरीने एकदा पार केलेले असते. पहिलीला पलीकडचा काठ दिसत नाही. शासनालाही हा फरक मान्य आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये पहिल्या अपत्याला मिळतात आणि शासकीय दवाखान्यात पहिल्या बाळंतपणाला बाळाच्या साहित्याची पेटी देण्याची योजनाही आपल्या राज्याने २०१९ मध्ये आणली. मच्छरदाणी आणि दुपटी ज्या समजुतीने दिली, त्याच समजुतीने दोन घटका जवळ बसणारे माणूस का देता येऊ नये, हे मला कळत नाही.

आता माझ्या घरचे सांगते, कारण ते घडले नसते तर हे पत्र मी कदाचित लिहिलेही नसते.

२०२३ मध्ये माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण झाले. रीतीप्रमाणे ती माहेरी यायची, पण तिचा दवाखाना पिंपरी-चिंचवडला, सिझेरियन झालेले आणि जावयांना रजा नाही, म्हणून मीच तिच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी जाऊन राहिले. खासगी दवाखान्याने घरी सोडताना टाक्यांची निगा, गोळ्या आणि बाळाच्या लसींचे वेळापत्रक व्यवस्थित छापून दिले होते. तिच्या मनाबद्दल एक ओळ नव्हती आणि तेव्हा मलाही ती उणीव जाणवली नाही. तीन आठवड्यांनी घरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया निघाली आणि मला परतावे लागले. जाण्यापूर्वी डिंकाचे चाळीस लाडू वळून डब्यात भरून ठेवले, रोज दोन खा म्हणून बजावले आणि निघाले. रोज फोन होई. व्हिडिओवर ती बाळ दाखवी, मी त्याची टाळू बघे, शी कशी होते विचारी, वजनाचे आकडे लिहून घेई. एकोणीस दिवसांनी परत गेले आणि चहाबरोबर काही द्यावे म्हणून डबा उघडला, तर चौतीस लाडू जसेच्या तसे होते. वरच्या थराला पांढुरकी झाक आली होती. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, “आई, तू रोज त्याच्या वजनाचं विचारायचीस.”

पुढचे दोन महिने मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे-येणे झाले आणि औषधाने तिला गुण आला. तितकाच गुण, असे ती स्वतः सांगते, चौथ्या मजल्यावरच्या एका बाईमुळे आला. तिचे बाळ तीन महिन्यांचे होते आणि ती रोज दुपारी तासभर वर येऊन बसे. दोघी विशेष काही बोलत नसत. एक बाळाला पाजी, दुसरी कपड्यांच्या घड्या घाली. पण “माझंही असंच होत होतं” हे वाक्य तिच्या तोंडून आले ते लागू पडले, माझ्या तोंडून पडले नसते. मी आई असले तरी माझे पहिलेपण चौतीस वर्षांमागे राहिले आहे.

यावर कोणी म्हणेल की आपली जुनी पद्धत चांगली होती, सव्वा महिना, माहेर, तेल लावणारी बाई, शेक, अळिवाची खीर, सारे कसे ठरलेले असे. मीही त्याच पद्धतीत बाळंत झाले आणि तिची किंमत जाणते. बाईला सव्वा महिना कामाला हात लावू न देणे ही मोठी व्यवस्था होती. पण तीच व्यवस्था बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत एकटी ठेवी, हे खाऊ नको ते पिऊ नको म्हणून निम्मे ताट काढून घेई आणि मुलगी झाली तर त्याच खोलीत तिला टोमणेही पुरवी. शिवाय आज ते माहेर तरी कुठे उरले आहे? आईच नोकरी करते, भाऊ एका खोलीत राहतो, तेल लावणाऱ्या बाईचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत. दुर्गम आदिवासी भागात गरोदर बाईला प्रसूतीआधी दवाखान्याजवळ राहता यावे म्हणून शासनाने जी सोय केली, तिला ‘माहेरघर’ हे नाव दिले. नाव देणाऱ्याला काय हवे आहे ते नेमके कळले होते. मात्र ते माहेर प्रसूतीपुरते आहे आणि खऱ्या माहेराची गरज त्यानंतर लागते.

हे दुखणे किती मोठे आहे, याचा अंदाज माझ्या अनुभवावर सोडायला नको. भारतातल्या ३८ अभ्यासांतील वीस हजारांवर मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के आढळले. शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी भेटून पाहिले, तर २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यामागे गरिबी होती, नवऱ्याशी बेबनाव होता आणि मुलगी झाल्याचे दुःखही होते. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणे हे बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते, त्याला आजार म्हणू नये. हजारात एक-दोघींना भ्रम होतात, त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. आपला फॉर्म या दुसऱ्या टोकाला तेवढा पकडतो. मधल्या शंभरातल्या वीस-बावीस जणी त्याच्या जाळीतून निसटतात.

माझी पहिली मागणी त्यामुळे लहान आहे. चौदाव्या आणि बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीत आईला तिच्याबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले जावेत आणि ते ती एकटी असताना विचारले जावेत. ‘एकटी असताना’ हे शब्द सूचनेत छापावेच लागतील, नाहीतर उत्तरे सासूबाईच देतील. घरात एकांत मिळवणे अवघड नसते. “आजी, जरा कोमट पाणी आणता का” एवढ्यावर काम भागते, हे कोणतीही अनुभवी आशाताई सांगेल.

विचारल्यावर पुढे काय, ही भीती मला खरी वाटते. ज्या प्रश्नाच्या उत्तराचे काही करता येत नाही, तो विचारू नये, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. पण करण्यासारखे बरेच आहे. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे आणि तो मराठीत बोलतो. तो बाळाच्या लसीकरण कार्डावर ठसठशीत छापता येईल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, त्याच्या लोकांनी महिन्यातून एक वार प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरवून बसावे आणि तो वार आशाताईंना पाठ असावा. आणि बहुतेकींसाठी औषधाच्याही आधी लागते ती सोबत. तिच्याविषयीच माझी दुसरी मागणी आहे.

प्रत्येक अंगणवाडीत आठवड्यातून एक दुपार, दीड-दोन तास, त्या वर्षात प्रथमच आई झालेल्या बायकांची बैठक व्हावी. मुले खिचडी खाऊन घरी गेली की ती खोली रिकामीच असते. तिथे भाषण नको, बॅनर नको, प्रमुख पाहुण्या तर नकोतच. आमच्या खात्याला कार्यक्रम म्हटला की आधी सतरंजी आणि मग हार आठवतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बाळे घेऊन बसायचे, बोलायचे, ज्या दिवशी बोलावेसे वाटणार नाही त्या दिवशी नुसते बसायचे. पाच-सहा महिन्यांच्या बाळाची आई तीन आठवड्यांच्या बाळाच्या आईशेजारी बसली, की निम्मे काम होते.

ही माझी हौस नाही. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात आदिवासी गावांत बायकांचे गट बसवले. गटांचा हेतू नवजात मृत्यू कमी करणे हा होता आणि तीन वर्षांत ते ३२ टक्क्यांनी कमी झाले. परंतु त्याबरोबरच तिसऱ्या वर्षी, जिथे गट भरत होते तिथल्या मातांमधील मध्यम स्वरूपाचे नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळले. बायका बाळांविषयी बोलायला एकत्र आल्या होत्या, एकत्र येण्यानेच त्यांचे मन हलके झाले असावे. सीमेपलीकडे रावळपिंडीच्या खेड्यांत आपल्या आशाताईंसारख्याच सेविकांना मनाविषयी बोलायला शिकवले, तेव्हा गरोदरपणातच नैराश्य असलेल्या मातांपैकी, बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, त्यांच्याकडच्या २३ टक्के मातांत ते राहिले आणि इतर ५३ टक्के मातांत. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्याच पद्धतीने गोव्यात ‘संगत’ या संस्थेने गावातल्या सामान्य बायकांना तयार करून पाहिले. तिथला फरक माफक होता, हेही नमूद करते. पण खर्चही माफकच असतो.

आता आशाताईंविषयी, कारण हे सारे त्यांच्याच डोक्यावर येणार. सहा भेटींच्या संपूर्ण संचासाठी त्यांना २५० रुपये मिळतात, म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. त्यात वस्तीवर चालत जाणे, काटा वाहून नेणे आणि बाळाचे अंग गार लागले तर रात्री-अपरात्री धावणे हेही आले. यात आणखी तीन प्रश्न आणि एक बैठक भर म्हणून टाकणार असाल, तर कृपया हे पत्र बाजूला ठेवा. बैठकीचे वेगळे मानधन, मन कसे ऐकावे याचे खरेखुरे प्रशिक्षण, आणि दिवसभर दुसऱ्यांची दुःखे ऐकून घरी जाणाऱ्या त्या बाईचे म्हणणे महिन्यातून एकदा ऐकून घेईल असे कोणीतरी, एवढी तयारी असेल तरच सुरुवात करावी.

आणखी दोन प्रकारच्या पहिलटकरणी आपल्या यादीत नाहीत. शहरात आशाताईंचे क्षेत्र प्रामुख्याने वस्त्यांपुरते आखलेले असते, त्यामुळे माझ्या मुलीसारख्या, खासगी दवाखान्यात बाळंत होऊन बंद दारामागे गेलेल्या मुलींना एकही गृहभेट मिळत नाही. त्यांना पैसे नकोत, पेटी नको. खासगी दवाखान्यांना एवढे बंधनकारक करावे, की घरी सोडताना नवऱ्याला आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला समोर बसवून आईच्या मनाविषयी दहा मिनिटे सांगावे आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी एक फोन करावा, जो बाळासाठी नसेल. दुसऱ्या प्रकारच्या आहेत ऊसतोडीला जाणाऱ्या. दसऱ्यानंतर बीड-अहिल्यानगरकडून निघालेली जोडी एका ‘कोयत्या’ने मोजली जाते, त्यामुळे बाळंतीण बसून राहिली तर कोयताच मोडतो आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो. तिची आशाताई गावी असते आणि ती स्वतः दीड-दोनशे किलोमीटरवर फडाच्या कडेला पालात. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत दरवर्षी अशी पाले पडत आणि ‘स्थलांतरित’ या रकान्यात त्यांची नोंद करून आम्ही मोकळे होत असू. साखर कारखान्याच्या परिसरात गाळप हंगामापुरती तरी एक फिरती बैठक आणि बाळंतिणीच्या खाड्याला बंदी, याहून कमी काही सुचवणे मला योग्य वाटत नाही.

नवऱ्यांबद्दल थोडेच लिहिते. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीचा एक परिणाम असा होतो की बाप रविवारी पाहुण्यासारखा येतो, बाळ हातात घेऊन फोटो काढतो आणि जातो. तीन महिन्यांनी मायलेकरे घरी येतात तेव्हा त्याला लंगोट बांधता येत नाही आणि बायको का रडते हेही कळत नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. कारखान्यात किंवा दुकानात काम करणाऱ्याला ती कायद्याने मिळत नाही. राज्य सरकारने या बाबतीत पुढाकार घेतला, तर माझ्या जावयांसारखे कितीतरी जण ती रजा दिवाळी बोनसाइतक्याच आनंदाने घेतील.

प्रश्नांचा मसुदा मी माझ्या ओळखीच्या सात आशाताईंना वाचून दाखवला. आधी मी ‘नैराश्य’ असा शब्द लिहिला होता. त्यांतली एक म्हणाली, “बाई, ह्यो शब्द इचारला तर घरचे म्हणतील, आमच्या सुनेला येडी ठरवाया आली.” म्हणून तो काढला आणि बायका खरोखर जसे बोलतात तसे लिहिले. आपल्या तज्ज्ञांनी तपासून त्यात हवा तो बदल करावा. सध्याचा मसुदा असा आहे :

“गेल्या पंधरा दिवसांत मनाला उभारी नाही, सगळं संपल्यासारखं वाटतं, असं किती दिवस झालं?”

“आधी ज्यात जीव रमायचा, त्यात आता रमतो का?”

“बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का, की जागीच राहतेस?”

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. सातारा